कला इकायची नाही!

केज असो, धारूर असो की गेवराई, मोबाईलच्या दुकानामागं एक पत्र्याची खोली असते. तिला स्टुडिओ म्हणतात. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, संगणकात एफएल स्टुडिओ हे गाणी जुळवायचं सॉफ्टवेअर (कुठून आलं ते विचारू नये) आणि खुर्चीत डीजेभाऊ.

डीजेभाऊंची गाणी रेडिओवर लागत नाहीत. ती पेनड्राइव्हमधून वरातीत शिरतात आणि घरांची तावदानं हलवून पुढच्या गावाला जातात. कुणाचं तरी जुनं गाणं, खाली बेस, वर हलगी आणि थोड्या थोड्या वेळानं घुमणारं भाऊंचं स्वतःचं नाव. मूळ गायकाचं नाव कुठंच नाही. भाऊ म्हणतात, "नाव नाही टाकलं तर लोक चोरतेत, गुरुजी."

दिवाळीच्या तोंडावर एक साडीवाले शेठ आले. जाहिरातीच्या रिक्षावर वाजवायला त्यांना भाऊंचं एक गाजलेलं गाणं हवं होतं. भाऊंनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "आपण अंडरग्राउंड माणसं. कला इकायची नाही!" हेच गाणं निवडणुकीत उमेदवाराचं नाव घालून एका रात्रीत फुकट करून दिलं होतं. पण ती कला नव्हती, ते संबंध होते.

मी त्यांना अमेरिकेतल्या मोबी नावाच्या संगीतकाराची गोष्ट सांगितली. 1999 साली त्याचा 'प्ले' हा अल्बम आला. रेडिओवाले विचारत नव्हते, तेव्हा त्यानं अठराच्या अठरा गाणी सिनेमा, टीव्ही आणि जाहिरातींना दिली. अल्बम तुफान खपला.

"म्हंजे बाटला की!"

मग मी कायदा काढला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीला सूट आहे, जाहिरातीला नाही. तिथं गीत, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते.

भाऊ विचारात पडले. "म्हंजे मी इकायचं म्हणलं तरी मला इकता येत नाही?"

"नाही."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बघा! मी काय म्हणलो होतो? आपली कला इकाऊच नाही!"

यावर काय बोलणार? पण त्या गाण्यात एक वस्तू खरंच घरची आहे, ती म्हणजे हलगी. भाऊंनी ती गावातल्या हलगीवाल्याकडून याच खोलीत वाजवून घेतली, तिचे तुकडे जोडून चाल बसवली आणि 'फ्री डाउनलोड' म्हणून यूट्यूबवर सोडून दिली. हलगीवाल्याला मिळाले दोन चहा. कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनं वाजवणाऱ्यालाही व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा हक्क दिला आहे, हे त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नाही.

तेव्हा माझं मत असं, की दुसऱ्याचं गाणं भाऊंनी शेठला दिलं नाही ते बरंच झालं, कारण उगाच कोर्टाचं लचांड मागं लागलं असतं. हलगीची चाल मात्र खुशाल जाहिरातीला द्यावी. कागद करून द्यावी, रोख घेऊन द्यावी आणि आलेल्या पैशांतला वाटा आधी हलगीवाल्याच्या घरी पोचवावा.