पटांगणाला वळसा घालायला लावणाऱ्या मार्गशोधकास

मार्गशोधका,

तुला नमस्कार नाही. मे महिन्याच्या भर दुपारी, आमच्या सरदारपुरात, माझ्या सत्तरीच्या मावशीला तू फोनमधून उगाच उन्हात फिरवलंस. त्याच दिवशी नमस्काराचा मान गेला.

मुरमाचं साधं पटांगण. एक बाजू ९० मीटर, दुसरी १२०. आत कुंपण नाही, गटार नाही. ज्याला जिथून सोयीचं तिथून तो ओलांडतो, म्हणून एक अशी पायवाटही उमटत नाही. या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सरळ गेलं तर १५० मीटर. तू तिला २१० मीटर चालवलंस. ती गुडघ्यावर हात टेकत कडेनं निघाली, तेवढ्यात एक पोरगा शेळी हाकत मधूनच पलीकडे पोचलासुद्धा. मावशीनं त्याला पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं आणि फोनचंच ऐकलं. पुण्याहून आलेली बाई परक्या गावात आणखी कोणाचं ऐकणार?

नकाशाकडे बोट दाखवू नकोस. ओपनस्ट्रीटमॅप २००४पासून लोक पदरमोड करून काढताहेत. कुणीतरी चारही कोपरे टिपून 'ही पायी फिरायची जागा' असं त्यात नोंदवलं होतं. तुला फक्त रेघा वाचता येतात; जागेची हद्द दिसली की तोच रस्ता समजून तू माणसाला कडेकडेनं हाकतोस. मग नकाशा काढणाऱ्यांनी तुझ्या अडाणीपणापायी पटांगणात खोटे रस्ते आखायचे? का म्हणून?

यावरचा उपाय जुना आहे. जे कोपरे एकमेकांना दिसतात ते सरळ जोडायचे. मधे ओटा आला तर त्याचेही कोपरे धरायचे. ओपनट्रिपप्लॅनर हा तुझाच एक भाऊबंद असंच करतो. वीस कोपरे असले तरी जोड्या फार तर १९०. यंत्राला एवढंही झेपत नाही?

आणि हो, मोकळं दिसलं की घुसव, हेही चालणार नाही. आमच्या खरमोर अभयारण्याचं माळरानही नकाशात मोकळंच दिसतं. खरमोर म्हणजे महाराष्ट्राकडचा तणमोर पक्षी. पावसाळ्यात त्याचा नर गवतातून उंच उड्या घेत मादीला साद घालतो, आणि १९८३मध्ये ते गवत त्याच्यासाठीच राखलं गेलं. नकाशात दोन्ही जागांची नोंद वेगळी असते. ती वाच.

मावशी दिवाळीला पुन्हा येतेय. तोवर शीक.

सरदारपूरचा एक पायी चालणारा