पडद्याआडचा कर्नाळा

पनवेलच्या आसपास ऑफिसांचा नवा टॉवर उठला की जाहिरातीत कर्नाळ्याचा सुळका आलाच. मजल्यामजल्यावरून किल्ल्याचं दर्शन; जितकं वर जाल तितका फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्याचा जादा दर. इमारत नखशिखांत काचेची, त्यामुळे दर्शन निर्विघ्न. विघ्न येतं ते ऑफिस थाटल्यावर. पनवेलहून कर्नाळा दक्षिणेला, आणि हिवाळ्यात ऊनही दिवसभर दक्षिणेचंच. पहिल्याच सकाळी संगणकावर तिरीप पडते, कोणीतरी पडदा ओढतो. तो पडदा पुन्हा उघडल्याची नोंद नाही. पडद्यामुळे अंधार म्हणून दिवसाढवळ्या दिवे. काचेतून शिरलेल्या उन्हावर आणि दिव्यांवर उतारा म्हणून एसी. आणि भाडं मात्र दर्शनाचं! मग बाहेरून माणसं दोरीला लटकून ती काच लख्ख पुसतात, आतल्या पडद्याची पाठ स्वच्छ दिसावी म्हणून.

ही काच आली कुठून? शिकागोत 1885 साली उभ्या राहिलेल्या दहा मजली इमारतीला आद्य गगनचुंबी इमारत मानतात. लोखंड-पोलादाच्या सांगाड्यानं भिंतींचा भार हलका केला, म्हणून खिडक्या मोठ्या झाल्या. पण त्या उघडत होत्या. कायमची बंद काच रुळली ती 1950 नंतर, एसीच्या भरवशावर, आणि तीही अशा शहरांत जिथे हिवाळ्यात ऊन हवंहवंसं असतं. पनवेल 19 अंश अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे उत्तरेची भिंतसुद्धा सुटत नाही. कर्नाळ्यावर किल्ला बांधणाऱ्यांनी सुळक्याच्या पायथ्याशी पाण्याची टाकी आणि कोठारं खोदली. त्यांना हवापाणी कळत होतं. ब्रोशर काढायचं नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आता काच दुहेरी असते, लेपाची असते. असेल. मग पडदा कशाला? आणि पडदा काचेच्या आत, म्हणजे ऊन घरात घेऊन मग त्याला दार बंद! उन्हाला अडवायचं ते काचेबाहेर, छज्ज्यानं, खोल कोनाड्यानं, व्हरांड्यानं. हे कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला ठाऊक आहे, पण छज्ज्यानं म्हणे इमारतीचा लूक जातो. लूक! लाखोंची वीज जाते, कामाच्या माणसाचे डोळे जातात, शेजारच्या कर्नाळा अभयारण्यातली पाखरं काचेतलं आभाळ खरं समजून आपटतात, आणि जपायचा काय तर लूक. असं म्हणणाऱ्याला मे महिन्यात दुपारी चारला, एसी बंद करून, पश्चिमेच्या खुर्चीत बसवावं. खिडकी उघडा म्हणाला तर नकाशा दाखवावा. उघडणारी खिडकी त्यानंच खोडली आहे.