एक नंबर

आष्टी म्हटलं की समोरचा विचारतो, कुठली? बीडची तालुक्याची आष्टी, बेचाळीसच्या चळवळीत गाजलेली वर्ध्याची आष्टी, 1818 साली बापू गोखले पडले ती सोलापूर जिल्ह्यातली आष्टी. आमची त्यानंतरची, जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात. गावाच्या नावामागं सदानकदा जिल्हा जोडावा लागणाऱ्या माणसाला कशात तरी पहिल्या नंबरचा ध्यास लागला, तर त्यात नवल नाही. मामांना तो पिच्चरच्या बाबतीत लागला.

मामा म्हणजे मोटार रिवाइंडिंगवाले मामा. सख्खा भाचा गावात एकही नाही, तरी सगळा गाव त्यांना मामा म्हणतो. व्होल्टेज खालीवर झालं की विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि जळाल्या की मामांच्या दुकानात येऊन पडतात. फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळायची, तर प्रत्येक कॉइलचे वेढे ठरलेले. चुकले तर मोटार तापणार. मामांच्या मशीनचा काउंटर कधीच बंद पडलाय, म्हणून ते तोंडानं मोजतात. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस... अशा वेळी बाकड्यावरचा कुणी नुसतं एवढं म्हणाला, ‘‘मामा, काल टीव्हीला ‘दीवार’ लागलता,’’ की हात थांबलाच.

‘‘त्या दीवारला फिल्मफेअरवाल्यानं शोलेच्या वर बसवलं, हाय का ठाऊक? शोलेला बक्षीस किती? एक! ते बी कोनाला? एडिटिंगला. एम. एस. शिंदेला. आपला मानूस म्हनून तेवढं तरी मिळालं.’’

माहिती खरी आहे, पण तोवर त्रेचाळीस गेलेले असतात. तार उलगडायची, पुन्हा एकपासून. गव्हाचं पाणी तुटलेला शेतकरी दुकानात शिरताना मामांना नाही, बाकड्यावरच्या मंडळींना हात जोडतो, ‘‘बाबांनो, माझी मोटार होईस्तोर पिच्चरचं नाव काढू नका.’’

जगातला सगळ्यात भारी पिच्चर कोणता, याचा निकाल मामांनी लावून टाकलेला आहे. 15 ऑगस्ट 1975 ला लागलेला ‘शोले’. मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षं चालला, तिथं अपील कुठं करणार? दोन नंबरला कोणता, असं एका नवख्यानं विचारलं होतं. मामा म्हणाले, ‘‘दोन नंबर धंद्याला असतो. पिच्चरला एकच नंबर.’’

निकाल ठरलेला असला तरी कारणं रोज ताजी असतात. कधी म्हणतात, जो पिच्चर न बघता नुसता ऐकला तरी पैसे वसूल, तो खरा. शोलेच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि लग्नाच्या मांडवात सनई बाजूला ठेवून त्या लावल्या गेल्या, हा त्यांचा पुरावा. कधी म्हणतात, मधेच लाईट गेली आणि अर्ध्या तासानं आली तरी धागा सुटता कामा नये. ही कसोटी लंडन-पॅरिसच्या समीक्षकांना सुचायची नाही. त्यासाठी मराठवाड्यात जन्मावं लागतं.

विरोधी पक्ष आहे, नाही असं नाही. निवृत्त गुरुजी ‘श्यामची आई’ घेऊन येतात. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, 1954 साली, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला चित्रपट; त्यानंतर मराठीला तो मान मिळायला ‘श्वास’पर्यंत पन्नास वर्षं वाट बघावी लागली. गुरुजी हे सांगताना आवाज खाली आणतात. मामा गुरुजींसमोर बिडी विझवतात, मान डोलावतात आणि गुरुजी कोपऱ्यावर वळले की म्हणतात, ‘‘त्यात गब्बर कुठंय?’’ एकदा गुरुजींनी ‘संत तुकाराम’ काढला. 1936 चा, प्रभातचा, व्हेनिसच्या महोत्सवात नाव झालेला. मामा वारकरी घरातले, गळ्यात माळ. तिथं त्यांची पंचाईत झाली. बराच वेळ खाली मान घालून पॉलिशपेपर घासत बसले आणि मग बोलले, ‘‘तुकोबाला नंबर देनारे आपन कोन?’’ असे सुटले. माझ्या मते मामांनी केलेला हा सगळ्यात उत्तम युक्तिवाद.

पोरांचा ‘सैराट’. तो मामांनी परतूरला जाऊन पाहिला, अर्धा पिच्चर शिट्ट्या मारल्या आणि शेवट बघून गप्प घरी आले. त्या रात्री जेवले नाहीत. त्यावरून त्यांनी तो बाद केला. ‘‘पिच्चर बघून मानसाला भूक लागली पाहिजे.’’ पिच्चरनं दोन घास बंद केले म्हणजे त्यानं काहीतरी केलं, असं मी म्हणून पाहिलं. मामांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

मामांचा हुकमाचा एक्का मात्र वेगळाच आहे. त्यांनी शोले टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला, खाली बसून, पडद्याच्या पार जवळून. आणि त्या तंबूत, त्यांच्या म्हणण्यानुसार, ठाकूरनं गब्बरला जिवानिशी मारलं होतं. खिळ्यांच्या बुटांनी. पोलीस-बिलीस कुणी आलं नाही. आता मूळ शेवट तोच होता, हे खरं. आणीबाणीचे दिवस, माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घ्यायचा म्हणजे काय, म्हणून सेन्सॉरनं तो बदलायला लावला आणि पडद्यावर ऐनवेळी पोलीस आले. तो शेवट भारतात कुठल्याच थिएटरात तेव्हा दाखवला गेला नाही, तर आष्टीच्या तंबूत कुठून येणार? तंबूपर्यंत पोचेस्तोवर प्रत इतकी तुटलेली असायची की शेवटचं रीळ मधेच संपलं असेल आणि उरलेलं काम लोकांनी घरी जाता जाता स्वतःच केलं असेल, असा माझा अंदाज. पण 2025 साली इटलीत, बोलोन्याच्या महोत्सवात, मूळ शेवटाची दुरुस्त केलेली प्रत दाखवल्याची बातमी आली, तेव्हा मामांनी अख्ख्या बाकड्याला चहा पाजला. ‘‘इटलीवाल्याला आता दिसला. आम्ही तंबूत बघितलता.’’

याच बाकड्यावर परवा पुण्याला शिकणारा एक पोरगा येऊन बसला. त्यानं मोबाईलमधून वाचून दाखवलं: लंडनचं ‘साइट अँड साउंड’ नावाचं मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांची मतं घेतं आणि सगळ्यात भारी पिच्चर ठरवतं.

‘‘दर दहा वर्षांनी? काहून? एकदा ठरवल्यावर?’’

पोरानं यादी वाचली. आधी ‘बायसिकल थीव्ह्ज’. मग 1962 पासून सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’. मामांना केनबद्दल आदर वाटला. इतकी वर्षं खुर्ची सोडली नाही म्हणजे गडी पक्का. 2012 ला हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’नं त्याला पाडलं, तेव्हा मामा हळहळले. आणि 2022 ला सोळाशेहून जास्त समीक्षकांनी पहिला नंबर दिला ‘झान दिलमन’ला. शांताल अकरमन नावाच्या बेल्जियमच्या बाईचा पिच्चर. तोही 1975 चाच, आणि लांबीला शोलेइतकाच, सव्वातीन तासांच्या वर.

‘‘मारामारी?’’

‘‘नाई मामा. एक बाई हाय. स्वयंपाक करती, भांडी घासती, बटाटे सोलती. तीन दिवस.’’

‘‘सव्वातीन तास बटाटे?’’ मामा इतके हसले की डब्यातलं वार्निश सांडलं. ‘‘मग आमच्या मागच्या खोलीत चाळीस वर्षांपासून पिच्चर चालूच हाय की! तिकीट लावतो.’’

बाकडं हसलं. मागच्या खोलीत मामी मेथी निवडत होत्या. त्यांचं या दुकानातल्या कुठल्याच निकालावर आजवर मत आलेलं नव्हतं. ‘माहेरची साडी’ला मामांनी नावं ठेवली तेव्हाही त्या बोलल्या नव्हत्या. त्या दारात आल्या आणि पोराला म्हणाल्या, ‘‘मंग शेवटी काय करती ती?’’

पोरगा जरा चाचरला. ‘‘शेवटी एका मानसाला कात्रीनं भोसकती.’’

‘‘नवऱ्याला?’’

‘‘नाई मामी, नवरा आधीच मेलेला असतो. दुसराच एक.’’

मामींनी क्षणभर विचार केला. ‘‘बराबर दिलाय नंबर,’’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

मामांनी फर्मा ओढला आणि मान वर न करता वेढे मोजायला घेतले. त्या दिवशीची मोटार दिवस मावळायच्या आत विहिरीवर बसली.