तुळशीखालचं बोअर

भूजल मोजणं हे येरागबाळ्याचं काम नाही, हे आधीच कबूल करतो. निरीक्षण विहिरीत जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात फीत सोडायची, पावसाळ्यानं पाणी किती चढवलं ते पाहायचं, मग क्षेत्रफळ आणि खडक यांचा गुणाकार. आपला काळा पाषाण भलता चिक्कू. शंभर घनमीटर भिजलेल्या बेसाल्टातून हाती येतात एक ते तीन घनमीटर. त्यातले पाच-दहा टक्के नदीनाल्यांचे म्हणून सोडायचे. उरलेल्यातलं 70 टक्क्यांपर्यंत उपसलं तर पाणलोट 'सुरक्षित', 90 पर्यंत 'अंशतः शोषित', 100 पर्यंत 'शोषित', त्यापुढं 'अतिशोषित'.

इथवर सगळं चोख. पण टक्केवारी म्हटली की अंश आला, छेद आला. छेद शास्त्रज्ञ काढतात. अंश आमचे तात्या सांगतात.

"तात्या, बोअर किती?"

"एकच, साहेब. तेही आटलंय."

तात्यांचा आठ एकर ऊस दवावर वाढतो, असं मानायची गावात पद्धत आहे. आणि अंगणातलं ते लोखंडी झाकण? "ती तुळशीची जागा."

भूजल कायदा 2009 चा. त्याच्या लेखी 60 मीटरच्या पुढं गेली की ती 'खोल विहीर', आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी तिला मनाई. म्हणून गाडी रात्री येते, आठशे फूट जाते आणि पहाटे एकशे नव्वद फुटांची पावती फाडून निघून जाते. एवढ्या खाली लागलेलं पाणी कुठल्या काळच्या पावसाचं, हे पाणाड्यालाही सांगता येत नाही. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता, एवढं मात्र तो शपथेवर सांगतो.

हिवरे बाजारात म्हणे पावसाळा सरला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिकं ठरवते. विचित्रच माणसं! आमच्याकडं आधी ऊस लागतो, पाऊस मागाहून मोजतात.

तर निकाल लागला. आमचा पाणलोट 'सुरक्षित'. ही आनंदाची बातमी घेऊन आलेल्या साहेबांना आम्ही टँकरचं पाणी पाजलं. सुरक्षित ठरल्यामुळं अनुदानाच्या नव्या विहिरींचा मार्गही मोकळा झाला. पहिला अर्ज तात्यांचा.

पुढची फीत जानेवारीत येणार आहे. वाचकहो, तोवर तुळशीला पाणी घालत राहा. झाकण दिसता कामा नये.