नकाशातले घर आणि थिबाचा राजवाडा

घर बांधू इच्छिणाऱ्या रत्नागिरीकराने वास्तुविशारदाचा उंबरठा झिजविण्यापूर्वी थिबा राजवाड्यास एकदा जाऊन यावे, अशी आमची नम्र सूचना आहे. ब्रह्मदेशाचे पदच्युत राजे थिबा १८८६ साली येथे नजरकैदेत आले, जांभ्या दगडाची ही ऐसपैस वास्तू त्यांच्यासाठी सिद्ध झाली १९१० साली, आणि १९१६ च्या डिसेंबरात ते निवर्तले. म्हणजे प्रतीक्षा २४ वर्षांची, उपभोग अवघा ६ वर्षांचा!

साम्राज्याची तिजोरी पाठीशी असता ही गत, तर सामान्य गृहस्थाची काय कथा? त्याच्या नकाशात भव्य दिवाणखाना असतो, मुंबईकर चिरंजीवांस गणपतीत आठ दिवस लागणारी स्वतंत्र खोली असते. पागोळ्या झेलणारी पडवी मात्र समासातही नसते. अंदाजपत्रकात चिऱ्याचा दर चोख लिहिलेला असतो, परंतु खाणीपासून दारापर्यंतची वाहतूक, विहीर आणि पहिल्याच मृगात प्रकट होणारी गळती यांच्या नावे कलमच नसते.

तेव्हा पायाचा चिरा बसण्यापूर्वीच एक खोली खोडावी, खर्चाचा आकडा दीडपट धरावा. आणि चुकून काही शिल्लक राहिलीच, तर पडवी रुंद करावी.