त्यात ते नाहीच!

माहितीपट संपतो, पडद्यावर नावं सरकू लागतात, बायका डोळे पुसत असतात आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, "सगळं ठीक आहे हो, पण त्यात ते नाहीच!"

हा आवाज तुम्ही ऐकलाय. तुमच्या गावात तो निवृत्त मुख्याध्यापकाचा असेल, आमच्या दिल्लीत एका निवृत्त अवर सचिवाचा आहे. समोर आम्ही त्यांना काका म्हणतो. पाठीमागे काय म्हणतो, ते शीर्षकात दिलंय.

गायिका किशोरीताई आमोणकरांवरचा 'भिन्न षड्ज' पाहिला. सभागृह सुन्न. काका म्हणाले, "आई मोगूबाई हव्या तेवढ्या नाहीत." जब्बार पटेलांचा कुमार गंधर्वांवरचा 'हंस अकेला' पाहिला. काका म्हणाले, "देवासची टेकडी हवी तेवढी नाही." हवी तेवढी म्हणजे किती, हे विचारायची सोय नाही. विचारलंत तर सांगतात.

यातली गोम अशी की काका माहितीपट पाहतच नाहीत. सुरू झाल्यापासून ते शेजारच्याच्या कानाला लागलेले असतात. त्यामुळे 'ते' खरंच त्यात नव्हतं का, हे काकांना ठाऊक नसतं आणि शेजाऱ्यालाही कळत नाही. आक्षेप अबाधित राहतो. मंत्रालयातली सवय, फाइल न वाचता त्रुटी काढायला वेगळी बुद्धी लागते.

मागे एकदा १४ जानेवारीला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, आम्ही मराठी मंडळी बस करून पानिपतला निघालो. कुणीतरी गुलजारांनी १९९२ साली भीमसेन जोशींवर केलेला माहितीपट पेन ड्राइव्हवर आणला होता. बाहेर धुकं, आत तानपुरे. काका माझ्या शेजारी. अण्णा पडद्यावर जे काही म्हणाले ते मला फक्त उजव्या कानाने ऐकू आलं. (काका भीमसेनांना अण्णाच म्हणतात. ओळख आकाशवाणीपुरती.)

मुरथळला पराठ्यांसाठी बस थांबली तेव्हा चर्चा रंगली. एका वहिनींना अभंगाच्या वेळी माहेर आठवलं होतं. एका कॉलेजकुमाराला 'मिले सुर'मधले हे आजोबा अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून पळाले होते, बिनतिकीट हिंडले होते, याचंच अप्रूप. तो आईकडे ज्या नजरेने पाहत होता, ती काही बरी नव्हती. सगळ्यात मनापासून दाद मिळाली ड्रायव्हरची. भीमसेन मैफलींना शेकडो मैल स्वतः गाडी हाकत जात, हे कुणी सांगताच त्याने लोण्याचा हात पुसला आणि विचारलं, "खुद चलाते थे? फिर रात को गाते भी थे?" आणि आदराने गप्प झाला.

काका नाहीत झाले. "कैराना नाही त्यात," ते म्हणाले.

तिथून पानिपतपर्यंत कैराना, म्हणजे भीमसेनांच्या किराणा घराण्याचं मूळ गाव. अब्दुल करीम खाँ १८७२ साली कैरान्यात जन्मले. त्यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून धारवाडकडचा एक पोरगा वेडा झाला. तो जालंधरपर्यंत गेला, तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितलं की अरे, इकडे कशाला, तुझ्या मुलखात सवाई गंधर्व आहेत, खाँसाहेबांचेच शिष्य. "आता बघा," काकांनी माझा गुडघा धरला, "दिल्ली-जालंधर रेल्वे जाते कुठून? पानिपतवरून! उजवीकडे यमुना, पलीकडे कैराना! पोरगं आपल्याच घराण्याच्या गावाजवळून गेलं आणि त्याला पत्ता नाही! हे नाही त्यात!" पोरगा त्याच गाडीने गेला होता याला पुरावा काय, असं मी विचारलं. "रूळ तेच आहेत," काका म्हणाले.

पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला पोचलो. १७६१ साली इथल्या रणात विश्वासराव पडले, भाऊसाहेब पडले. ज्या आंब्यावरून जागेला नाव पडलं तो केव्हाच वठून गेला, तिथे आता विटांचा स्तंभ आहे. काकांनी स्तंभाला प्रदक्षिणा घातली. आम्ही सगळे श्वास रोखून. आणि ते म्हणालेच, "आंबा नाही!" बस हसली, ड्रायव्हरसुद्धा.

काका मात्र हसले नाहीत. पूर्वेला हात करून म्हणाले, "आपले लोक इथवर आले आणि संपले. सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्या पलीकडून एक गवई आपल्याकडे आला, पुण्यात विद्यालय काढलं, मिरजेत राहिला, तिथल्याच मातीत गेला. हिराबाई, सुरेशबाबू, सवाई गंधर्व, अण्णा, सगळं त्यातून. ही परतफेड कुठल्या बखरीत लिहिलीय?"

मला उत्तर सुचलं नाही. फाइलवाल्या माणसाकडून असं वाक्य येईल याची तयारी नव्हती.

परतताना काकूंनी तिळगूळ वाटता वाटता सहज सांगितलं. अण्णांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव काकांनी नोकरीभर एकदाही पाहिला नाही. महोत्सव डिसेंबरात, संसदेचं हिवाळी अधिवेशनही डिसेंबरात. खात्याचे प्रश्न यायचे, रजा नामंजूर. दर वर्षी अर्ज मात्र करायचे. २००९च्या फेब्रुवारीत अण्णांना पुण्यात घरी भारतरत्न दिलं गेलं, तेव्हा काका दिल्लीत टीव्हीसमोर इस्त्रीचा कोट घालून बसले होते. २०११च्या जानेवारीत अण्णा गेले. मग ज्यात त्यात काय नाही, हे काका शोधू लागले.

हे कळल्यापासून मी त्यांच्या शेजारी आपण होऊन बसतो. डावा कान त्यांचा, उजवा पडद्याचा. त्रास कमी झालेला नाही.

तेव्हा भीमसेनांवर पुढे कुणी माहितीपट काढणार असेल, तर एक विनंती: कैराना घाला. पानिपतहून यमुनेचा पूल ओलांडला की गाव आहे, दोन मिनिटांचं चित्रण पुरे. त्याने काका गप्प बसतील अशी आशा मात्र ठेवू नका. मिरज हवी तेवढी नाही म्हणून ते उठतीलच.