गर्दीचं गणित

तूर, सोयाबीन आणि ०.६९३ या तीन मालांची उलाढाल लातुरात बारा महिने चालते. पहिल्या दोघांसाठी मार्केट यार्ड आहे, तिसऱ्यासाठी ट्यूशन एरिया.

०.६९३ म्हणजे काय, हे तिथं किंवा नांदेडच्या श्यामनगरात सायकलवरून चाललेल्या कुठल्याही लेकराला विचारा. ब्रेक न दाबता ते सांगेल की हा किरणोत्सारी पदार्थाच्या अर्धायुष्याच्या सूत्रातला आकडा. त्याच दमात हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्याही म्हणून टाकेल: पहिली उणे १३.६, दुसरी उणे ३.४, तिसरी उणे १.५१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. नील्स बोरनं १९१३ मध्ये हा अणू मांडला, तेव्हा अणूच्या पाठीवर पुढे ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे चार पर्याय आणि निगेटिव्ह मार्किंग बसेल, हे त्याच्या ध्यानीमनी नसणार.

गंमत म्हणजे परीक्षेची अशी घोटून तयारी करून घेणारा लातूर पॅटर्न ज्यांच्या नावाशी जोडला जातो, ते राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. पुढे ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. साहित्याच्या माणसानं पाया घातला आणि वर न्यूमेरिकलचे मजले चढले.

या न्यूमेरिकलमधला निसर्ग मोठा समंजस असतो. अणुकेंद्राची त्रिज्या वस्तुमानांकाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रश्नात हमखास २७ आणि १२५ वस्तुमानांकाची केंद्रं भेटतात. उत्तर ३ : ५. सोन्याचा वस्तुमानांक १९७. त्याचं घनमूळ तोंडी निघत नाही, म्हणून सराफ्यात काहीही असो, इथं सोन्याला भाव नाही. किरणोत्सारी पदार्थही परीक्षकाची सोय बघून नष्ट होतो. अर्धायुष्य ५ दिवसांचं असेल, तर प्रश्न बरोबर १५ किंवा २० दिवसांनी विचारतात आणि उरतो एक अष्टमांश नाहीतर एक षोडशांश. साडेसतरा दिवसांनी काय उरलं याची चौकशी कोणी करत नाही.

एकदा मेसमध्ये एक मुलगा भाकरीवर हे समजावून सांगत होता: अर्धी खाल्ली, मग उरलेल्यातली अर्धी, मग त्यातलीही अर्धी, भाकरी कधी संपतच नाही. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘‘असं जेवणारं लेकरू मिळालं तर मेस फायद्यात येईल की रे.’’

खरा निसर्ग पाहायचा तर अर्धापूरची केळी घ्यावीत. एका केळ्यात जेमतेम अर्धा ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यातल्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा, म्हणजे किरणोत्सारी. हिशेब केला तर केळ्यात असे अणू निघतात ७६ वर सोळा शून्यं इतके. अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. त्याचे सेकंद केले की ४ वर सोळा शून्यं. शून्यांनी शून्यं उडतात. ७६ भागिले ४ म्हणजे १९, गुणिले आपलं ०.६९३, उत्तर सुमारे १३. म्हणजे फळगाड्यावर निवांत पडलेल्या एका केळ्यात दर सेकंदाला तेराएक अणू फुटून त्यांचं कॅल्शियम किंवा अर्गॉन होत असतं. बिचकू नका. केळं खाणाऱ्या धडधाकट माणसाच्या अंगात दर सेकंदाला असे चार हजारांवर अणू फुटतात आणि तरीही तो डुलकी काढतो. जास्तीचं पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं, त्यामुळे डझनभर केळी खाल्ल्यानं हा आकडा फारसा हलत नाही.

आता खरी मेख. सेकंदाला तेरा फुटणार हे सांगता येतं. कोणते तेरा, हे कोणालाही सांगता येत नाही. रूदरफर्ड आणि सॉडी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हा नियम मांडला, तो गर्दीचा नियम आहे. एकट्या अणूला गाठून ‘तुझा नंबर कधी?’ असं विचारलं, तर ०.६९३ गप्प बसतं. शिवाय अणूला वय नसतं. तीन अर्धायुष्यं पाहिलेला अणू कालच जन्मलेल्या अणूपेक्षा तसूभरही थकलेला नसतो. पुढच्या क्षणी फुटण्याची दोघांची शक्यता सारखीच. मागचा इतिहास तो वाहून नेत नाही. आपल्याकडे मात्र दुसऱ्यांदा ‘नीट’ देणाऱ्या पोराला ‘रिपीटर’ म्हणून वेगळ्या बॅचमध्ये बसवतात आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा मागच्या वर्षीचे मार्क विचारूनच चहाचा कप उचलतो.

‘नीट’मध्ये भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न, १८० गुण. त्यात अणू आणि अणुकेंद्र मिळून दोन-चार प्रश्न पदरात पडतात. तेवढ्यासाठी हा धडा घोकणाऱ्या लेकरांकडून आपण मोठ्यांनी एकच गोष्ट शिकून घ्यावी. किती फुटले हे सांगायचं तर मुळात किती होते, हे आधी लागतं. चौकातल्या फ्लेक्सवर हसरे चेहरे आणि त्यांचे मार्क असतात, पण बॅचला किती जण बसले होते ते नसतं. अंश असतो, छेद नसतो. तेव्हा पालकहो, जूनमध्ये फी भरण्याआधी छेद विचारा. आणि तो कळला, तरी तो गर्दीचा आहे, तुमच्या लेकराचा नाही, हे घरी जाताना लक्षात असू द्या.